चावडी आणि कचेरी : निजामी अमलातील प्रशासनसुधारणा व मराठीचा भाषाव्यवहार

१

औरंगाबादहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्याच्या साधारण मध्यावर बिडकीन हे पैठण तालुक्यातील गाव लागते. औरंगाबाद जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर असे झाले. प्रस्तुत विवेचनात मात्र कालसंदर्भ ध्यानात घेऊन जुनेच नाव वापरले आहे. बिडकीनच्या उत्तरेस सुभ्याचे व जिल्ह्याचे ठाणे, दक्षिणेस तालुक्याचे गाव आणि त्यापलीकडे गोदावरी. गोदावरीच्या दक्षिणेकडील शेवगाव तालुका एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या अहमदनगर जिल्ह्यात होता, तर बिडकीन निजामाच्या हैदराबाद संस्थानात. दोन्हीकडचा कुणबी एकच भाषा बोलत होता, एकाच वारीला जात होता आणि एकाच पावसाची वाट पाहत होता. दोहोंच्या गावात जमीनमोजणी झाली, सर्व्हे नंबर पडले, पगारी अधिकारी आले, दिवाणी व फौजदारी न्यायालये उभी राहिली. तथापि एका तीरावरच्या शेतकऱ्याचा निवाडा मराठीत लिहिला गेला आणि दुसऱ्या तीरावरच्याचा उर्दूत.

वसाहतकालीन कायदा व प्रशासन यांतील सुधारणांची चर्चा मराठीत बहुधा १८१८ नंतरच्या मुंबई इलाख्याच्या आधारे होते. एल्फिन्स्टन, कँडी, मोल्सवर्थ, लोकहितवादी, फुले, रानडे या क्रमाने अर्वाचीन मराठी गद्याचा इतिहास सांगितला जातो. मराठवाडा या क्रमात उशिरा येतो, आणि त्याच्या ‘मागासलेपणा’चे कारण म्हणून सरंजामी राजवटीकडे बोट दाखवले जाते. हे कारण खोटे नाही, पण अपुरे आहे. निजामी राज्यात १८५३ नंतर प्रशासनाची मोठी पुनर्घटना झाली होती. सुधारणा झाल्या, पण त्या ज्या भाषेतून झाल्या ती भाषा रयतेच्या लेखनव्यवहाराची नव्हती, हा या प्रश्नाचा गाभा आहे. त्या भाषांतराचा मार्ग कोणता होता आणि त्याचा मराठीच्या भाषाव्यवहारावर काय परिणाम झाला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

हैदराबाद हे देशी संस्थान होते. तेथे इंग्रजांचा प्रत्यक्ष अंमल नव्हता. मग तेथील सुधारणांना वसाहतकालीन का म्हणावे, असा प्रश्न उपस्थित होईल. १७९८ च्या तैनाती फौजेच्या तहानंतर निजामाचे परराष्ट्रव्यवहार आणि लष्कर इंग्रजांच्या नियंत्रणाखाली गेले. फौजेच्या खर्चाची थकबाकी साचत जाऊन १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली द्यावे लागले. त्याच वर्षी मीर तुराब अली खान, म्हणजेच पहिले सालारजंग, हे दिवाण झाले आणि १८८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. राज्याची तिजोरी रिकामी, अनेक तालुके सावकारांकडे व अरब जमादारांकडे गहाण, आणि कारभार सुधारला नाही तर आणखी मुलूख जाईल ही टांगती तलवार, अशा परिस्थितीत सालारजंगांच्या सुधारणांना प्रारंभ झाला. तेव्हा त्यांची प्रेरणा संस्थानी असली तरी दडपण व नमुना ही दोन्ही वसाहतीची होती, असे म्हणता येईल.

सालारजंगपूर्व व्यवस्थेत महसूल इजाऱ्याने दिला जाई. ठरलेली रक्कम सरकारात भरण्याचे कबूल करणारा मक्तेदार रयतेकडून किती वसूल करतो, याची दाद लागत नसे. ‘तालुकदार’ हा शब्द त्या काळी अशा वसुलीच्या ठेकेदाराला लावीत. सालारजंगांनी गहाण पडलेले तालुके सोडवून घेतले, ठेकेदारी मोडीत काढली आणि १८६५ मध्ये जिल्हाबंदी अमलात आणली. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, त्याच्या हाताखाली दुय्यम तालुकदार, तालुक्यावर तहसीलदार अशी पगारी अधिकाऱ्यांची उतरंड तयार झाली. १८६८ मध्ये न्याय, महसूल, पोलीस आदी खात्यांवर सदर-उल-महाम नेमले गेले. देशमुख-देशपांडे यांचा वसुलीतील प्रत्यक्ष अधिकार संपला. त्याऐवजी त्यांना रुसूम मिळू लागला.

येथे एका शब्दाचा प्रवास लक्षात घेण्याजोगा आहे. ‘तालुकदार’ हा शब्द ठेकेदाराचा वाचक होता. तोच जिल्ह्याच्या सर्वोच्च पगारी अधिकाऱ्याचा वाचक झाला. ज्या शब्दाची गावाला दहशत होती, तोच सुधारणेचे नाव घेऊन परत आला. अर्थ बदलला तरी रयतेच्या स्मरणातील छटा एका फर्मानाने बदलत नाही. शासनव्यवहारातील शब्दांचा इतिहास लिहिताना व्युत्पत्तीबरोबर ही लोकस्मृतीही जमेस धरावी लागते.

१८७० नंतरच्या दशकात मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी व जमाबंदीचे काम सुरू झाले. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जी पद्धत आरंभली व जिला १८४७ च्या संयुक्त अहवालाने निश्चित रूप आले, तिचेच हे अनुकरण. जमिनीची प्रत, सर्व्हे नंबर, आकार, खातेदाराची थेट जबाबदारी ही सर्व तत्त्वे गोदावरी ओलांडून उत्तरेस आली. म्हणजे मोजणीची साखळी दक्षिणेकडून, शेजारच्या मराठी मुलखातून आली. कागदाची भाषा मात्र त्या मार्गाने आली नाही.

३

निजामी राज्याच्या दरबाराची व दफ्तराची भाषा फार्सी होती. १८८४ च्या सुमारास तिची जागा उर्दूने घेतली. हा बदल समजून घेण्यासाठी उत्तर हिंदुस्थानाकडे वळणे आवश्यक आहे. कंपनी सरकारने १८३७ च्या कायद्याने बंगाल इलाख्यातील न्यायालयांत फार्सीऐवजी देशभाषा आणण्याचा मार्ग मोकळा केला, आणि त्यानंतर आजच्या उत्तर प्रदेशाचा बराच भाग असलेल्या वायव्य प्रांतात उर्दू ही कचेरीची भाषा झाली. पुढील तीन दशकांत इंग्रजी कायद्यांचे उर्दू अनुवाद तेथे तयार झाले. ‘ताजीराते हिंद’ या नावाने झालेल्या हिंदी दंडसंहितेच्या अनुवादाशी ज्यांचे नाव निगडित आहे ते नजीर अहमद पुढे हैदराबादच्या महसुली नोकरीत आले. मोहसिन-उल-मुल्क या किताबाने ओळखले जाणारे सय्यद मेहदी अली हेही उत्तरेतूनच आले. हैदराबादच्या महसूलखात्याच्या घडणीत आणि फार्सीऐवजी उर्दू आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. सालारजंगांना इंग्रजी पद्धतीचा कारभार जाणणारी व तो फार्सी-उर्दूत चालवू शकणारी माणसे हवी होती, आणि ती उत्तर हिंदुस्थानात तयार मिळत होती.

तेव्हा बिडकीनच्या शेतकऱ्याला लागू झालेली कायद्याची उर्दू ही औरंगाबादच्या गल्लीतली दखनी नव्हती. वली आणि सिराज यांच्या शहरात उर्दू परकी होती असे कोणी म्हणणार नाही; बाजारात, दर्ग्यात, शेजारात दखनी मराठीशी बोलत होती व तिच्याकडून शब्द घेत होती. परंतु कचेरीत आलेली उर्दू उत्तर हिंदुस्थानातील इंग्रजी न्यायालयांत घडलेली, अरबी-फार्सी संज्ञांनी जड झालेली होती. दोन्हींना एकच नाव असल्याने हा भेद झाकला जातो. मराठी विरुद्ध उर्दू अशी सोपी मांडणी करणाऱ्यांनी आणि तिला उत्तर देणाऱ्यांनीही या भेदाकडे पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही.

या धोरणामागे लोकसंख्येचा आधार नव्हता. १९०१ च्या जनगणनेनुसार संस्थानातील लोकांपैकी शेकडा सुमारे ४६ तेलुगू, २६ मराठी, १४ कन्नड आणि १० उर्दू भाषक होते. राज्याला याची जाणीव नव्हती असेही नाही. १८७१ पासून निघालेल्या हैदराबादच्या टपाल तिकिटांवर मूल्य फार्सी लिपी व इंग्रजीबरोबर तेलुगू आणि मराठीतही छापलेले असे. पत्राला किती पैशांचे तिकीट लावायचे हे रयतेला तिच्या लिपीत सांगण्याची काळजी राज्य घेत होते. जमिनीचा निवाडा तिच्या लिपीत सांगण्याची निकड त्याला वाटली नाही.

४

यावर एक आक्षेप संभवतो. मराठीच्या प्रशासकीय शब्दसंपत्तीत फार्सी-अरबी शब्दांचा भरणा आधीपासूनच आहे. जिल्हा, तहसील, वकील, फिर्याद, दावा, जामीन, जप्ती, हुकूम, तारीख हे शब्द मुंबई इलाख्यातील मराठीतही होते व आजही आहेत. मग उर्दू आल्याने नवे असे काय घडले?

या आक्षेपाचे उत्तर पैठणातच सापडते. सोळाव्या शतकात एकनाथांनी ‘अर्जदास्त’, ‘ताकीदपत्र’, ‘अभयपत्र’ अशा शीर्षकांची रचना केली. दफ्तरातील कागदाचा साचा घेऊन त्यांनी त्यात परमार्थ भरला. देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारपदी असलेल्या जनार्दनस्वामींच्या या शिष्याला दफ्तरी भाषेची ओळख असणे स्वाभाविक होते. लक्षात घ्यायचे ते असे की, ही रूपके श्रोत्यांना कळत होती. अर्ज कोणापुढे करतात, ताकीद कोण देतो, अभयपत्र मिळाल्याने काय होते, हे कीर्तनाला बसलेल्या माणसाला ठाऊक होते. सत्तेची परिभाषा गावापर्यंत पोहोचली होती आणि गावाने ती आपल्या वाक्यात बसवली होती. निजामशाही व आदिलशाही काळातील अनेक कागद द्विभाषिक असत : वर फार्सी मजकूर, खाली त्याचाच मोडी मराठी मजकूर. राज्य फार्सीत बोलत असले तरी कागद गावात उतरताना मराठी होत असे. सतराव्या शतकात शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने फार्सी संज्ञांना संस्कृत पर्याय सुचवले, तेव्हाही प्रश्न संज्ञांचा होता. ज्या वाक्यात त्या संज्ञा बसत होत्या ते वाक्य मराठीच होते.

नमुन्यादाखल एक रचलेले वाक्य घेऊ. मुंबई इलाख्यातील मुन्सफाच्या निकालात साधारणतः असे लिहिले गेले असते : ‘वादीने दावा शाबीत केला नाही, सबब दावा खारीज करण्यात येत आहे.’ हाच मजकूर उर्दूत असा होईल : ‘मुद्दई ने दावा साबित नहीं किया, लिहाजा दावा खारिज किया जाता है.’ दोन्ही वाक्यांत दावा, शाबीत/साबित, खारीज हे शब्द समान आहेत. ‘सबब’ आणि ‘लिहाजा’ हे दोन्ही अरबीच. फरक आहे तो विभक्तिप्रत्ययांचा, क्रियापदाचा आणि अर्थातच लिपीचा. मोठ्याने वाचून दाखवले तर बिडकीनच्या शेतकऱ्याला दुसऱ्या वाक्याचाही आशय बहुतांशी कळला असता. पण तो कागद त्याच्या हाती आला की गावात तो वाचणारे क्वचितच कोणी असे.

यावरून असे म्हणता येईल की, मराठीने आधीच्या शतकांत फार्सीकडून शब्द घेतले होते; एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निजामी मराठवाड्यात शासनव्यवहाराचे वाक्यच मराठीच्या हातून गेले. उसना शब्द भाषेत राहतो, झिजतो, नवे अर्थ घेतो. परंतु ज्या विषयाची वाक्येच एखाद्या भाषेत लिहिली जात नाहीत, त्या विषयाचा विचार करण्याची तिची सवय हळूहळू मोडते.

५

गोदावरीपलीकडची स्थिती वेगळी होती. १८२७ मध्ये एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत मुंबई इलाख्याचे नियम संहितेच्या रूपाने सिद्ध झाले. जुन्या पंचायती, रूढी व वतने यांची चौकशी करून, शक्य तेथे त्यांना हात न लावता नवी न्यायव्यवस्था बसवण्याचा तो प्रयत्न होता. कंपनी सरकारचे कायदे, हुकूम, जाहीरनामे मराठीत उतरवणे हे नित्याचे काम बनले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये व त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात न्याय, महसूल व वतन यांसंबंधीच्या संज्ञांचा मोठा साठा आहे. सरकारी भाषांतरकार मेजर कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली. विरामचिन्हे, पोटवाक्यांची रचना, अटी व अपवाद यांची मांडणी ही अर्वाचीन मराठी गद्याची अंगे शाळेइतकीच कचेरीतही घडली.

तथापि या चित्राला दुसरी बाजू आहे. मराठीत लिहिलेला निकालही बहुसंख्य रयतेला वाचता येत नव्हता. तो मोडीत असे आणि मोडी कुळकर्ण्याच्या हाती होती. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये कचेऱ्या, न्यायालये व तेथील ब्राह्मण कामगार यांच्यावर जे कोरडे ओढले, ते याच मराठी कारभारावर. १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांच्या खतपत्रांविरुद्ध शेतकऱ्यांनी उठाव केला, तेव्हा त्यांनी जाळले ते कागदही मराठीच होते. भाषा मराठी असली म्हणून न्याय आपोआप जवळ येत नाही, हे येथे स्पष्ट होते.

मात्र फरक उरतोच. फुल्यांना ज्या कारभारावर टीका करायची होती त्याची परिभाषा मराठीत उपलब्ध होती. दस्तऐवज, दरखास्त, फैसला, जप्ती, लिलाव या प्रत्येक पायरीचे वर्णन करून ती उलगडून दाखवणे त्यांना शक्य झाले, आणि वाचकालाही ते ताडून पाहता आले. लोकहितवादी व रानडे हे स्वतः न्यायखात्यातील अधिकारी होते; त्यांच्या लेखनातील युक्तिवादाची शिस्त आणि न्यायालयीन व्यवहार यांचा संबंध सहज दिसण्याजोगा आहे. कचेरीच्या मराठीतून कचेरीविरुद्धची मराठी जन्मली. गोदावरीच्या उत्तरेस याला समांतर असे गद्य त्या काळात निर्माण झाले नाही. तेथील शेतकऱ्याची दुःखे कमी होती म्हणून ते झाले नाही असे म्हणण्यास जागा नाही.

६

गावातील हिशेब, पाहणी व वसुलीच्या नोंदी पाटील-पटवारी ठेवीत आणि त्या मराठवाड्यात मराठीतच असत. कागद तालुक्याला गेला की त्याची भाषा बदले. म्हणजे भाषेची सीमा गोदावरीवर होती तशीच ती चावडी आणि कचेरी यांच्या मधोमधही होती. मुंबई इलाख्यात गाव, मामलेदार आणि जिल्हा यांना जोडणारा मराठीचा धागा अखंड होता. इंग्रजी वरच्या पायरीवर येई. निजामी मुलखात तो धागा पहिल्याच पायरीवर तुटत असे.

जमिनीचा तंटा पडलेल्या बिडकीनच्या शेतकऱ्याच्या वाटेची कल्पना करता येते. तक्रार तो मराठीत सांगणार. अर्जीनवीस ती उर्दूत उतरवणार. पैठणच्या तहसिलीत तिच्यावर उर्दूत शेरा पडणार. साक्षीदाराची मराठी जबानी उर्दूत नोंदली जाणार. अपील औरंगाबादला आणि त्याही वर हैदराबादच्या अदालत-उल-आलियाकडे जाणार. कार्यकारी व न्यायिक अधिकार १९२१-२२ पर्यंत वेगळे झालेले नव्हते, त्यामुळे महसूल वसूल करणारा अधिकारीच बऱ्याचदा न्याय देणाराही असे. हे विभाजन हैदराबादने ब्रिटिश हिंदुस्थानातील बहुतेक प्रांतांच्या आधी केले, ही त्या राज्याच्या श्रेयाची बाब होय. परंतु न्यायाधीश स्वतंत्र झाला तरी जबानी आणि नोंद यांमधले भाषांतर तसेच राहिले. प्रत्येक भाषांतराला एक मध्यस्थ लागे आणि प्रत्येक मध्यस्थाला मोबदला.

तारखेचीही तीच गत. सरकारी कागदावर फसली सन असे. त्याचे वर्ष आजूर महिन्यापासून, ऑक्टोबरच्या प्रारंभी सुरू होई आणि महिन्यांची नावे दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी अशी फार्सी असत. शेतकऱ्याचे वर्ष चैत्र-वैशाखाचे व मृग-आर्द्रांचे. पैशातही दुहेरी हिशेब : संस्थानचा हाली रुपया आणि इंग्रजी कलदार रुपया, साधारणतः सात हाली म्हणजे सहा कलदार. पलीकडच्या तीरावर माल नेताना करोडगिरीचा नाका लागे तो वेगळाच.

या व्यवहारातून मराठवाडी मराठीत एक वेगळा शब्दस्तर साचला. पलीकडे मामलेदार, कलेक्टर, तलाठी, सर्क्युलर. अलीकडे तहसीलदार, तालुकदार, पटवारी, गश्ती. शाळामास्तर मुदर्रिस, पोलीस अंमलदार अमीन, राजपत्र म्हणजे जरीदा. यांपैकी ‘गश्ती’ हा शब्द मनोरंजक आहे. फार्सी ‘गश्त’ म्हणजे फेरी. त्यावरूनच मराठीत पहाऱ्याची ‘गस्त’ आली. सर्व कचेऱ्यांतून फिरवायचे पत्रक ते गश्ती. इंग्रजी ‘सर्क्युलर’चा अर्थही तोच. एकच फार्सी शब्द मराठीत दोनदा आला : एकदा जुन्या काळी, मराठी उच्चार घेऊन, रात्रीच्या पहाऱ्यासाठी, आणि दुसऱ्यांदा सुधारित प्रशासनाबरोबर, उर्दू रूप कायम ठेवून, सरकारी हुकमासाठी.

जमीनविषयक संज्ञा याहून बोलक्या आहेत. १३१७ फसली (१९०७-०८) च्या हैदराबाद जमीन महसूल कायद्यात पट्टेदार व शिकमीदार अशी परिभाषा आहे. पट्टेदार म्हणजे ज्याच्या नावे जमीन नोंदलेली आहे तो. ‘शिकम’ म्हणजे पोट. शिकमीदार म्हणजे दुसऱ्याच्या खात्याच्या पोटात असलेला धारक. १३५४ फसली (१९४४-४५) मध्ये कुळांच्या संरक्षणासाठी जो कायदा झाला तो ‘आसामी शिकमी’ कायदा या नावाने ओळखला गेला. मराठीत या माणसाला कूळ म्हणतात. ‘कूळ’ या शब्दात घराणे आहे, वंश आहे, वहिवाटीची जुनी भावना आहे. ‘शिकमी’ या शब्दात तो दुसऱ्याच्या नोंदीत सामावलेला, स्वतःचे नाव नसलेला आहे. कायद्याने दिलेले संरक्षण कितीही सद्हेतूचे असले, तरी ज्याला ते मिळायचे त्याला आपण आसामी शिकमी आहोत हे प्रथम कळायला हवे होते. कायद्याच्या भाषेचा प्रश्न केवळ अस्मितेचा नसून हक्काचाही कसा असतो, याचे हे उदाहरण होय.

७

या द्वैताचे वाङ्मयीन परिणाम दोन प्रकारचे झाले. पहिला अभावरूप आहे. कायदेविषयक मराठी पुस्तके, सरकारी भाषांतरे, वृत्तपत्रांतून प्रशासनाची चिकित्सा, अर्ज-विनंत्यांचे गद्य, या सर्वांना लागणारा व्यवहारच मराठीत नव्हता. वरच्या शिक्षणाचे माध्यमही उर्दू झाले. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा हिंदुस्थानातील एक धाडसी प्रयोग केला. त्याच्या भाषांतर विभागाने विज्ञान, इतिहास व कायदा यांतील ग्रंथ उर्दूत आणले. या प्रयोगाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु चारांपैकी एक माणूस मराठी बोलणाऱ्या राज्यात ही देशी भाषा मराठी नव्हती. याच काळात बडोदे संस्थानात ‘श्री सयाजीशासन शब्दकल्पतरु’ (१९३१) सारखा शासनशब्दांचा बहुभाषिक कोश सिद्ध होत होता, हे पाहिले म्हणजे संस्थानी राजवट आणि देशभाषांची उपेक्षा यांचा संबंध अटळ नव्हता हे ध्यानात येते.

दुसरा परिणाम प्रतिक्रियेचा. १९२९ च्या सुमाराच्या गश्ती निशाण त्रेपन्नने सार्वजनिक सभांना पूर्वपरवानगी आवश्यक केली. राजकीय सभा अशक्य झाल्यावर ग्रंथालये, खाजगी शाळा, गणेशोत्सव आणि साहित्यसंस्था हीच सार्वजनिक जीवनाची ठिकाणे बनली. १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले; १९४३ मध्ये मराठवाडा साहित्य परिषद स्थापन झाली. मुंबई इलाख्यात साहित्यसंस्था ही प्रामुख्याने साहित्यिकांची संस्था होती. मराठवाड्यात ती नागरिकत्वाची शाळा झाली. मराठवाड्यातील साहित्यव्यवहारात दीर्घकाळ आढळणारे सामाजिक-राजकीय भान या इतिहासातून आले आहे.

लाभाची बाजूही नोंदवली पाहिजे. या व्यवस्थेतून मराठी, उर्दू व फार्सी या तिन्हींत सहज वावरणारी विद्वानांची पिढी निर्माण झाली. हैदराबादच्या मुलकी सेवेतून आलेले सेतुमाधवराव पगडी हे तिचे ठळक प्रतिनिधी. फार्सी साधनांवर आधारलेले त्यांचे इतिहासलेखन आणि उर्दू काव्याचा त्यांनी मराठीस करून दिलेला परिचय ही त्या द्वैभाषिकतेची फळे होत. त्यांच्या आत्मचरित्राचे ‘जीवनसेतु’ हे नाव या दृष्टीने अन्वर्थक आहे. मात्र काही थोड्यांची बहुभाषिकता ही सर्वांच्या भाषाहीनतेची भरपाई ठरत नाही.

८

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातील निजामी सत्ता संपली. १९४९ मध्ये जहागिरी नष्ट झाल्या, १९५० मध्ये हैदराबादचा कूळकायदा आला, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने राज्याच्या सर्व विभागांना एक कायदा दिला. त्या एकीकरणात तालुक्याच्या अधिकाऱ्याचे नाव मामलेदार न राहता तहसीलदार झाले. गोदावरीच्या उत्तरेचा शब्द या बाबतीत दक्षिणेत रूढ झाला. गावच्या अधिकाऱ्याच्या बाबतीत उलट घडले. तलाठी सर्वत्र आला आणि पटवारी वृद्धांच्या बोलण्यापुरता उरला.

कायदे बदलले तरी जुने कागद राहिले. खासरा पत्रक, मुंतखब, सेतवार अशी नावे जमिनीच्या दाव्यांत आजही येतात. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे मराठवाड्यातील निजामकालीन कुणबी नोंदी तपासण्याचे काम आले, तेव्हा मोडी आणि उर्दू या दोन्ही लिपी वाचणाऱ्यांची निकड एकदम जाणवली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरला आरक्षणाच्या प्रश्नात पुन्हा महत्त्व आले. त्या प्रश्नाची राजकीय चर्चा येथे अभिप्रेत नाही. भाषाभ्यासाच्या दृष्टीने एवढेच नोंदवायचे की, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कारकुनाने कोणत्या भाषेत व कोणत्या शब्दाने नोंद केली, यावर हयात माणसांचे दावे अवलंबून आहेत.

खुद्द बिडकीनची जमीनही आता वेगळ्या अर्थाने कागदावर आली आहे. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेचा भाग असलेले सुमारे ७,८५५ एकरांचे बिडकीन औद्योगिक क्षेत्र सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. जेथे जमिनीची किंमत वाढते तेथे जुन्या नोंदी पुन्हा उघडल्या जातात. पट्टेदार कोण, शिकमी कोण, वारस कोण, हे प्रश्न तेव्हा व्युत्पत्तीचे राहत नाहीत.

मराठीच्या विभागांसाठी यातून निष्पन्न होणारे काम मोठे असले तरी अस्पष्ट नाही. मोडीचे वर्ग अनेक ठिकाणी चालतात. त्यांतून चावडीचा कागद वाचणारे तयार होतात. कचेरीचा कागद शिकस्ता वळणाच्या उर्दूत आहे, आणि त्याचे शिक्षण उर्दूच्या व इतिहासाच्या विभागांवर सोपवून मराठीचा अभ्यासक मोकळा होतो. एकाच तंट्याचे अर्धे कागद एकाने आणि उरलेले दुसऱ्याने वाचायचे, अशी ही वाटणी आहे. मराठवाड्याच्या भाषाव्यवहाराचा इतिहास लिहायचा तर दोन्ही अर्धे एकाच टेबलावर ठेवावे लागतील. हैदराबाद अमलातील महसुली व न्यायालयीन संज्ञांचा, त्यांच्या मराठी उच्चारांसह व गावोगाव रूढ अर्थांसह, एक कोश सिद्ध करणे ही त्याची पहिली पायरी ठरावी. माधवराव पटवर्धनांचा ‘फार्सी-मराठी कोश’ (१९२५) हा शब्दांसाठी आधार आहेच. कागदातील त्या शब्दांचे व्यवहारी अर्थ मात्र ज्यांनी त्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या त्यांच्या घरांतून मिळतील. ती पिढी आता जवळजवळ संपली आहे. तिच्या मुला-नातवंडांच्या बोलण्यात जे शब्द उरले आहेत, ते टिपून घेण्याचे काम फार काळ लांबणीवर टाकता येणार नाही.